कटोरी बरोबर, घेर ढिला: ब्रा कशी निवडायची आणि घरच्या मशीनवर कशी बसवून घ्यायची

प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, दोन लेकरं, धाकट्याचं दूध सुटून दीड वर्ष झालं. शेतात जावं लागतं. कायम ३६ नंबर घेते, बाजारात तोच मिळतो. पट्टे खांद्यावरून घसरतात, मागून ब्रा वर चढते, कपाला वरून सुरकुती पडते. डावी बाजू भरलेली, उजवी रिकामी दिसते. उन्हाळ्यात छातीखाली सोलून निघतं. दुकानात घालून बघायची सोय नाही. छातीखाली ३० इंच, छातीवर ३७ इंच. घरी पायाची शिलाई मशीन आहे. काय घ्यावं, आणि घरी काय दुरुस्त करता येईल?

ताई, मापं लिहिलीत ते फार बरं केलं. नुसतं "३६ लागते" एवढंच लिहिलं असतं तर मलाही अंदाजानेच बोलावं लागलं असतं. मापं बघून पहिली गोष्ट सांगते. ज्या ब्राला तुम्ही वैतागलात तिची कटोरी तुम्हाला मापाने बहुतेक बरोबर आहे. चुकतोय तो घेर. आणि घेर कमी करणं हे तुमच्या पायाच्या मशीनवर अर्ध्या तासात होणारं काम आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीकडच्या एका खेड्यात २२ वर्षं ब्लाउज शिवते. ब्राच्या कामात ओढली गेले तीही ब्लाउजमुळेच. बाई जुन्या, सैल पडलेल्या ब्रावर माप देऊन जायची. लग्नाच्या दिवशी नवी ब्रा घालून त्यावर तोच ब्लाउज चढवायची, आणि कटोरीचा टक (गोलाई यावी म्हणून शिवलेली चुणी) दोन बोटं खाली! "बिघडवला वो तुमी माहा ब्लाउज," म्हणून दुसऱ्या दिवशी दारात हजर. चार-पाच ब्लाउज अस्तरासकट उसवून दिले तेव्हा कुठं उमगलं, की बिघाड आतल्या कपड्यात आहे. तेव्हापासून टेप हातात घ्यायच्या आधी विचारते, आत कोणती घातली आहे.

आता नंबराचं बघू. छातीखाली ३० इंच म्हणजे ७६ सेंटिमीटर. आपल्याकडची ३४ नंबरची ब्रा ही छातीखाली साधारण ७३ ते ७७ सेंटिमीटर असलेल्या बाईसाठी असते, आणि ३६ नंबरची ७८ ते ८२ साठी. म्हणूनच बऱ्याच लेबलांवर ३४ च्या शेजारी ७५ आणि ३६ च्या शेजारी ८० असं बारीक छापलेलं असतं. दुकानदार ते कधी वाचत नाही, आपणही नाही. म्हणजे तुमचा घेर ३४ चा. छातीच्या मापातून हा नंबर वजा करा: ३७ वजा ३४, उरले ३. एक इंच उरला तर ए, दोन तर बी, तीन तर सी, चार तर डी. तुम्ही ३४ सी.

खरी मेख पुढे आहे. सी म्हणजे ठरावीक एवढीच वाटी, असं नसतं. घेर बदलला की अक्षराचा अर्थही बदलतो. ३४ सी आणि ३६ बी या दोन्हींच्या कटोरीत सारखंच मावतं. ३२ डी तेवढीच. बाजारात ज्यावर अक्षरच नाही अशी ३६ नंबरची ब्रा बहुतेक बी धरून शिवलेली असते. म्हणजे तुम्ही इतकी वर्षं नकळत बरोबर मापाची कटोरी घेत आलात, फक्त तिच्यामागे दोन इंच जास्तीचा घेर ओढत. ढिली पट्टी मागून वर चढते, ती वर चढली की पुढचा भाग खाली ओणवतो, पट्टे सैल पडून घसरतात. मग आपण पट्टे आवळतो. पट्टे आवळले की मागची पट्टी आणखी वर जाते. खांद्याला वळ पडतात ते यातूनच.

भार खांद्यावर नसतो, खालच्या घेरावर असतो. आपल्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, पण त्यांची चोळी बघा. खणाची चोळी, समोर छातीच्या खाली गाठ. ती गाठ घट्ट बसली की झालं. पट्टा नाही, हूक नाही, तरी दिवसभर निंदण करून बाई घरी यायची. आणि हे सगळं घरच्या सुईचं काम होतं. ब्राचंही तसंच आहे. अमेरिकेत १९१४ साली मेरी फेल्प्स जेकब या बाईला ब्राचं पेटंट मिळालं, तिची पहिली ब्रा दोन हातरुमाल आणि रिबन जोडूनच झाली होती. तेव्हा कात्री लावायला घाबरू नका.

तालुक्याला ३४ सी मिळाली तर तीच घ्या, पुढचं वाचायची गरज कमी पडेल. नाही मिळाली तर ३६ बी घेऊन मागून आत घ्या. एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा: मोठं लहान करता येतं, लहान मोठं करता येत नाही. घेर कमी होतो, पट्टा आखूड होतो, कटोरीला वरून टक पडतो. पण कटोरीच लहान निघाली तर तिच्यात कापड घालून ती वाढवणं हे नवी शिवण्याइतकं काम आहे, आणि दिसतंही वाईट. म्हणून "३४ सी मिळत नाही तर ३४ बी चालवून घेते" असं करू नका. त्यापेक्षा ३६ बी बरी.

घेर आत घ्यायचा कसा, ते नीट सांगते. नवी ब्रा नेहमी सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर लावून बघायची. आतली घरं पुढच्या महिन्यांसाठी असतात; इलास्टिक सैलावत जातं तसं एकेक घर आत सरकायचं. तर बाहेरच्या हुकावर लावा, मागे पट्टीखाली दोन बोटं घाला. दोन बोटं जेमतेम गेली पाहिजेत, मूठ जाता कामा नये. मग दोन्ही हात वर करा, वरचं कापसाचं बोंड वेचतो तसे. नंतर कमरेतून वाका. घेर जागचा हलला तर ढिला आहे.

आता दोन्ही बाजूंना, हुकाच्या पट्टीपासून आत, पाऊण-पाऊण इंच कापड आत जाईल एवढी उभी चुणी चिमटीत धरा आणि हाताने कच्चा टाका घाला. एकाच बाजूने दीड इंच घेऊ नका, हूक मणक्यावरून सरकतो आणि दोन पट्टे विषम दिसतात. हे कच्च्या टाक्यावरच एक दिवस घाला. घरात नव्हे, वावरात. जेवल्यावर, वाकल्यावर, घाम आल्यावर कसं वाटतं ते बघा. श्वासाला आडवं येत असेल तर चुणी अर्ध्या इंचावर आणा. पाऊण इंच हे मी तुमच्या मापावरून सांगते आहे, तुमचं अंग शेवटचा आकडा सांगेल.

बरोबर बसलं की दोन रस्ते आहेत. सोपा रस्ता म्हणजे चुणी आडवी पाडून, बगलेकडे वळवून, तिच्या दोन्ही कडांवर सरळ शिलाई मारायची. जरा जाड होते, पाठ टेकून झोपलं तर टोचते, पण कापड कापावं लागत नाही आणि उद्या अंग भरलं तर उसवता येतं. दुसरा रस्ता सफाईचा. हुकाची पट्टी उसवून काढायची, कापड पाऊण इंच कापायचं, पट्टी पुन्हा बसवायची. इथे एक अडचण येते जी कुणी सांगत नाही: मागची पट्टी हुकाकडे निमुळती होत जाते. पाऊण इंच आत कापलं की कापडाची उंची हुकाच्या पट्टीपेक्षा थोडी जास्त भरते. ओढूनताणून बसवलं तर कोपरा बाहेर डोकावतो आणि दिवसभर खुपतो. त्यापेक्षा मधोमध एक बारीक चिमूट घालून उंची जुळवा, मग पट्टीत घाला. वरचं आणि खालचं इलास्टिक मात्र सरळच जाऊ द्या, त्यात चिमूट नको.

साधी मशीन झिगझॅग मारत नाही म्हणून बायका थांबतात. थांबू नका. ही शिलाई उभी आहे, आणि ब्रा ताणली जाते आडवी. उभ्या शिलाईला ताण बसत नाही, ती तुटत नाही. झिगझॅग लागतं ते आडव्या कामाला, म्हणजे खालचं इलास्टिक बदलायचं असेल तिथे. त्यासाठी पिको-फॉलच्या दुकानात जा, त्यांची मशीन तेच तर करते. इलास्टिकची मऊ, लवदार बाजू अंगाकडे ठेवायला सांगा. नव्या पोरी उलटी लावून देतात. दोरा पॉलिस्टरचा घ्या, सुती दोरा होजिअरीवर तटकन तुटतो. सुई नवी आणि बारीक, ११ नंबरची. बोथट सुईने होजिअरीवर टाके सुटतात आणि आपण उगाच मशीनचं टेन्शन फिरवत बसतो.

मागून कापल्याचा एक फायदा असा, की दोन्ही पट्टे मागच्या बाजूला एकमेकांच्या जवळ येतात. तुमच्यासारखे उतरते खांदे असतील (घसरतात म्हणता म्हणून म्हणते) तर अर्धी तक्रार त्यानेच मिटते. तरी घसरले तर मागे खांद्याच्या पात्यांच्या मध्ये दोन्ही पट्ट्यांना जोडणारी दोन इंचाची आडवी पट्टी टाचा.

आता कटोरीची सुरकुती. माप बरोबर असून सुरकुती पडते म्हणजे घडण वेगळी आहे. घडण ओळखायला दार लावून आरशासमोर उघड्या अंगाने उभं राहा, हात खाली सोडून. बोंडाच्या रेषेवर मनात आडवी रेघ मारा. रेघेच्या वर जास्त की खाली जास्त? लेकरांना पाजून झाल्यावर बहुतेकींचं वरून ओसरतं आणि खालून भरलेलं राहतं. वय झाल्यावर, वजन उतरल्यावरही असंच होतं. यात बिघडलेलं काही नाही. एक बाई मला म्हणाली होती, "मले वाटे माह्यं आंगच बेढब हाय." तिचं अंग ठीक होतं. ब्रा अठरा वर्षांच्या पोरीच्या घडणीची होती.

खालून भरलेल्या घडणीला गळा वरपर्यंत झाकणारी, एकजीव साच्यातून काढलेली गोल वाटी चालत नाही. साच्याने वर जी जागा ठेवली आहे ती भरायला तुमच्याकडे काही नाही, म्हणून ती चपटते. तुम्ही घ्यावी ती तुकडे जोडून शिवलेली, कपावर शिवण दिसणारी सुती ब्रा, जिचा वरचा काठ थोडा खाली असेल. कटोरी ब्लाउज शिवणाऱ्या बाईला हे सांगायला नको. वर वेगळा तुकडा, खाली वेगळा तुकडा, म्हणजे वरचा कमी करून खालचा तसाच ठेवता येतो. सुरकुती जिथे पडते तिथे वरच्या काठावर चिमटीत धरा, पाव इंचाची चिमूट, खाली दीड इंचात शून्यावर आणा. टक बोंडापर्यंत नेऊ नका, टोक निघतं आणि ब्लाउजमधून दिसतं. सुरकुती एका जागी नसून सगळा काठच लोंबत असेल तर टक नको. काठाच्या आतून पाव इंची इलास्टिक लावा, काठापेक्षा अर्धा इंच आखूड कापून, ताणत ताणत.

फोमच्या कपाला टक घालू नका. मी घातला होता. सुरुवातीच्या दिवसांत एका नव्या नवरीची रुखवतातली ब्रा, चांगली महागातली. फोम आतून कातरला, शिवला, दिसायला ठीक. घातल्यावर कपाच्या मधोमध अशी कड उभी राहिली की शालूवरूनही कळत होती. नवी घेऊन दिली मी तिला, पदरचे पैसे घालून. फोम दुमडत नाही, शिवून दाबला तर फुगवटा दुसरीकडे सरकतो.

डावं-उजवं कमी-जास्त असणं इतकं सर्रास आहे की दोन्ही अगदी सारखे असलेली बाई मी फार कमी पाहिली. कटोरी नेहमी मोठ्या बाजूला बसवून घ्यायची. लहान बाजूला दोन उपाय आहेत: फरक थोडा असेल तर त्या बाजूचा पट्टा जरा आखूड आणि वर टक. फरक दिसण्याइतका असेल तर आतून मलमलीचा खिसा शिवा, कटोरीच्या खालच्या आणि बगलेकडच्या भागात, आणि त्यात जुन्या ब्राचा पातळ फोम घाला. मधोमध घालू नका, नुसतं टोक दिसतं. भर खालून द्यायची असते. खिसा उघडा ठेवा म्हणजे धुताना फोम काढता येईल.

एक मात्र शिवणबाईने सांगायचं नाही असं लोक समजतात, तरी सांगते. फरक जन्माचा असेल तर ठीक. पण एक बाजू अलीकडेच, काही महिन्यांत बदलली असेल, हाताला गाठ लागत असेल, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खळग्यांची दिसत असेल, बोंड आत ओढलं गेलं असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर आधी दवाखाना, मग मशीन. ३० वर्षांवरच्या बायकांची स्तनतपासणी सरकारी कार्यक्रमात आहे, आशाताईला विचारा, उपकेंद्रात कधी होते ते ती सांगेल.

बगलेकडे पसरत असेल (तुम्ही लिहिलं नाहीत, पण बऱ्याच जणींचं असतं) तर आतून तिरपी सुती पट्टी लावतात. कटोरीच्या खालच्या शिवणीतून निघून बगलेच्या बाजूने वर पट्ट्याच्या बुडाशी जाणारी, दोन इंच रुंद. ती आतला भाग पुढे लोटून धरते. पट्टी न ताणणाऱ्या कापडाची हवी, होजिअरीची नको.

उन्हाळ्याचं आता. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तिथे छातीखाली सोलवटणं अंगाच्या कुठल्या दोषाने होत नाही. ढिला घेर हलत राहतो, घामाच्या मिठाने घासत राहतो. घेर जागेवर बसला की निम्मं कमी होईल. उरलेल्यासाठी खालच्या इलास्टिकच्या आतून जुन्या धुवट सुती साडीची दीड इंची पट्टी घाला, एकच कड टाचून, दुसरी मोकळी. दोन्ही कडा शिवल्या तर इलास्टिक ताणणार नाही. लाल चट्टा गोल पसरत असेल, कडेने खाजत असेल तर ते घामोळं नाही, बुरशी आहे, तिला डॉक्टरांचं मलम लागतं. मेडिकलवाल्याने हातावर टेकवलेली कुठलीही ट्यूब लावू नका, काही मलमांत स्टिरॉइड असतं, त्याने आधी बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं.

आणि वाळवणं! आपल्या घरांत ब्रा वाळते ती टॉवेलखाली नाहीतर परकराच्या आत, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. संध्याकाळी काढली तर शिवणीत ओल असतेच. तीच सकाळी अंगावर. बुरशीला याहून चांगलं घर नाही. झाकायचीच असेल तर पातळ ओढणी दोन दोऱ्यांवर ताणा आणि तिच्याखाली मोकळी टांगा, वारा दोन्हीकडून लागेल अशी. पट्ट्याने टांगू नका, मधल्या जोडावर टांगा. कडक उन्हात इलास्टिक लवकर मरतं, वाऱ्याची सावली पुरते. पिळू नका. तीन असाव्यात, एक अंगावर, एक दोरीवर, एक घडीत.

दुकानात घालून बघता येत नाही, त्याला माझ्याकडे येणाऱ्या लाजाळू बायकांचा उपाय सांगते. त्या मला टेप लावू देत नाहीत. मग मी सुतळी देते. घरी जाऊन श्वास सोडून छातीखाली गुंडाळायची, एक गाठ. मग सगळ्यात भरलेल्या जागेवरून, सैलसर, दुसरी गाठ. मी सुतळी टेबलावर टेपला लावून बघते. कुणी नणंदेच्या हाती पाठवते, कुणी शाळेतल्या पोरीच्या दप्तरात. तीच सुतळी बाजारात न्या. ब्रा हुकं न लावता सपाट धरा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जितकी सहज ताणते तितकी ताणा, आणि पहिल्या गाठीशी ताडून बघा. पुरती ताणून सुतळीपेक्षा चार-पाच बोटं जास्त गेली तर ठीक. हातभर लांबली तर ती ब्रा आहे तिथेच राहू द्या.

हे सगळं पाजणाऱ्या बाईला लागू नाही, तेवढं शेजारपाजारी सांगा. दूध चालू असताना घेर आवळायचा नाही, दाबलेल्या जागी दूध साकळून गाठ धरते आणि ताप येतो. दूध सुटल्यावर दोन-तीन महिने थांबून मगच मापं घ्यायची. तुमचं दीड वर्ष झालं आहे, तुम्ही आजही घेऊ शकता. फक्त पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस सोडून घ्या, तेव्हा बऱ्याच जणींची छाती फुगते आणि माप खोटं येतं.

त्या दिवसांत आत घेतलेला घेर आवळला तर उसवू नका. जुनी ब्रा फेकताना तिची हुकांची पट्टी आणि घरांची पट्टी कापून बिस्किटाच्या डब्यात ठेवत जा, मी ठेवते. दोन्ही पाठीला पाठ लावून शिवल्या की दीड-दोन इंचाचा जोड तयार होतो, एका बाजूला हूक, एका बाजूला घरं. चार दिवस मध्ये अडकवायचा आणि काढून पुन्हा डब्यात टाकायचा. कापण्याआधी हुकांच्या रांगा मोजा, दोन रांगांचा जोड तीन रांगांच्या ब्राला लागत नाही.